कव्हरावरचे कुंकू

बोल्टाचे डोके तुटले तेव्हा आवाज फारसा झाला नाही. वाळकी काडी मोडावी, तेवढाच. कायतान मात्र पान्यासकट मागे फेकला गेला, जॅकच्या दांड्याला अडखळला आणि फरशीवर बसता बसता त्याने त्या बोल्टाच्या सगळ्या घराण्याचा उद्धार केला.

"मेल्याक मुळां फुटली आसत, सर," कपडे झटकत उठून तो मला म्हणाला. "हो बोल्ट न्हय, हो माड आसा. रुजलो."

"रुजला नाही. ज्यात तो बसवला आहे ते ॲल्युमिनियम कुजलं आहे," मी म्हणालो. "कुजलं की त्याची पांढरी भुकटी होते, आणि भुकटीला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते. ती आट्यांत दाटून बसते. मग पाना लावला की बोल्ट फिरत नाही, मोडतो."

"ता तुमी कॉलेजात सांगा. माका सांगा, काडूचो कसो?"

"बोल्ट तापवू नकोस, भोवतीचं ॲल्युमिनियम तापव. ते लोखंडापेक्षा जास्त फुगतं. भोक सैल होईल."

"तापवतंय. पण मगे वास इलो तर माका बोलू नकात."

वास आधीपासूनच येत होता. बॉनेट उघडल्यापासून मी नाकाला रुमाल लावून उभा होतो. आंबलेले नारळपाणी, कुजलेला झेंडू, जळके तेल आणि त्या सगळ्यांच्या खाली उंदराच्या मुताचा तिखट, डोळ्यांत जाणारा थर. इंजिनाच्या पुढच्या अंगावर एक तपकिरी, चिकट साय जमली होती. तिच्यात तांदळाचे दाणे रुतले होते, अगरबत्तीची काडी रुतली होती आणि एका झुरळाचा पंख. कायतान तिला पान्याच्या टोकाने खरवडत होता आणि टोक आपल्या पँटीला पुसत होता. ज्या वाहनातून माणसे रुग्णालयात जातात, त्याच्या पोटात हे होते.

या प्रसंगाला आता पुष्कळ वर्षे झाली. मी त्या वेळी पुण्यात अभियांत्रिकीच्या मुलांना धातुशास्त्र शिकवत होतो. क्षरण हा माझा विषय, म्हणजे धातू का आणि कसे कुजतात हे सांगणे. कायतान डिसोझाचे गॅरेज माझ्या आजोळच्या गावी, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर होते, आणि बॉनेट उघडून उभी होती ती गावच्या रुग्णसेवा मंडळाची रुग्णवाहिका. मंडळाचे अध्यक्ष माझे मामा, आबा आजगावकर. मला त्यांनीच बोलावून घेतले होते.

मंडळाची अशीच दुसरी एक रुग्णवाहिका होती. त्या हिवाळ्यात ती फोंडा घाट चढताना मध्येच बंद पडली. टायमिंग बेल्ट तुटला होता. इंजिनात झडपा वर-खाली होतात आणि दट्टेही वर-खाली होतात. दोघांनी एकमेकांच्या वाटेत येऊ नये याची वेळ हा दातेरी रबरी पट्टा सांभाळतो. तो तुटला की ते एकमेकांवर आदळतात आणि इंजिन जागच्या जागी मरते. गाडीत त्या दिवशी निवृत्त पोस्टमास्तर वासुदेव सामंत होते. छातीत कळ आली होती. चालकाने त्यांना रस्त्यावरच्या एका दुधाच्या टेम्पोत चढवले. कोल्हापूर येण्याआधी ते गेले.

तो चालक, सगुण परब, त्या सकाळी गॅरेजच्या कोपऱ्यात जुन्या टायरांच्या चळतीवर बसून होता. मध्यमवयीन, किरकोळ अंगाचा, धुतलेला शर्ट घातलेला माणूस. कुणी काही बोलले तरच तो वर बघे.

मामांचे म्हणणे असे होते: दोन्ही गाड्यांचे बेल्ट गेल्या आश्विनात कोल्हापूरला पाठवून बदलले होते. नवा बेल्ट उगाच तुटत नाही. सगुणने घाटात गाडी दामटली म्हणून तुटला. सगुण म्हणत होता, बेल्ट बदललेच नव्हते. संध्याकाळी मंडळाची सभा होती. तीत सगुणला कामावरून काढायचे आणि त्याच्यावर पोलिसांत तक्रार द्यायची, असे ठरल्यासारखे होते. मोडलेली गाडी अपशकुनी म्हणून त्याच आठवड्यात भंगारात गेली होती. तिच्याकडून काही कळण्याची सोय उरली नव्हती. उरली होती ती ही गाडी.

"तू ही उघडून बघ," मामांनी मला फोनवर सांगितले होते. "आतला बेल्ट नव्यासारखा आहे, एवढं सभेत येऊन सांग. तू धातूंचा प्राध्यापक. तुझ्यापुढे कोण बोलणार? आणि लोकांच्या मनात भीती नको म्हणून वर आणखी एक नवा घालून टाकू."

मामांच्या शब्दावर मी शंका घेतली नव्हती. घेण्याचे कारणही नव्हते. बेल्ट नवा निघेल, तसे मी सांगेन आणि दुपारच्या गाडीने पुण्याला जाईन, असा माझा बेत होता.

कायतानने गॅसची नळी ओढत आणली. ज्योत पेटवणार, एवढ्यात मला काहीतरी खटकले.

"थांब. जरा बाजूला हो."

"आता काय?"

"या कव्हरावर हे तांबडं कसलं आहे?"

"कुंकू," कायतान म्हणाला. "तुमच्याच लोकांचा. माका कित्याक इचारतास?"

उत्तर सगुणने दिले, कोपऱ्यातून. "खंडेनवमीचो, सर. वर्साक एकदा गाडयेची पूजा. आबा सोता करतत. नारळ थंय फोडतत, त्या कानार."

इंजिन उचलण्यासाठी त्याच्या पुढच्या बाजूला वर एक जाड लोखंडी कान असतो. बाकीचे लोक नारळ चाकापुढे, रस्त्यावर फोडतात. मामांनी त्यात आपली भर घातली होती. गाडीचा जीव इंजिनात, म्हणून नारळ इंजिनावर. कानाच्या बरोबर खाली टायमिंग बेल्टचे कव्हर. नारळाचे पाणी दरवर्षी त्यावरून ओघळत खाली जाई. नारळपाण्यात क्षार असतात, साखर असते. साखर आंबली की आम्ल होते. लोखंडाचा बोल्ट, ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि मध्ये हे पाणी: मुलांना क्षरण शिकवायला यापेक्षा चांगली मांडणी मला प्रयोगशाळेत करता आली नसती. कव्हराचा पुढचा भाग सपाट, म्हणून स्वस्तिक त्यावरच काढत. मग कुंकू, मग अक्षता. आणि पूजेचे ते पुसायचे नाही, असा मामांचा नियम.

मी खिशातल्या छोट्या सुरीने वरच्या एका न तुटलेल्या बोल्टाच्या कडेला छेद घेतला. बोल्टाचे डोके आणि कव्हर यांच्या मधली फट मुळी दिसतच नव्हती. तिच्यावरून कुंकवाचा लेप अखंड गेला होता. छेदात थर दिसले. वरचा गडद तांबडा. त्याखाली तपकिरी. त्याखाली पुन्हा तांबडा, मग एक पिवळट. हळद-चुन्याचे घरगुती कुंकू आम्लात सापडले की परत पिवळे पडते. त्याखाली आणखी.

"आमच्या नाताळाच्या बेबिंकाक येवढे थर नसतत," कायतान माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला.

मी दुसऱ्या बोल्टाला छेद घेतला. तिसऱ्याला घेतला. मग कव्हराच्या सांध्याला चार ठिकाणी. सगळीकडे तेच. एकही थर कुठे तुटलेला नव्हता. बोल्ट एकदा जरी फिरला असता, तरी त्या वेळेपर्यंतचे थर फटीच्या रेषेवर चिरले गेले असते, आणि त्यावर फक्त नंतरचे थर सलग आले असते.

मी सुरी पुसली. ती पुसताना बोटाला तो लेप लागला, आणि हात शरीरापासून लांब धरावा असे मला वाटले.

"सगुण," मी म्हणालो, "इकडे ये."

तो आला.

"आश्विनात नक्की काय झालं? मला पहिल्यापासून सांग."

त्याने आधी कायतानकडे पाहिले. "सांगान काय होतला, सर? सभेत सांगलंय, कोणाक खरा वाटूक नाय."

"मला सांग."

"गाडये कोल्हापुराक न्हेले, ता खरा. एक मी, एक दुसरो डायवर. तो आता दुबयाक गेलो. गॅरेजवाल्यान गाडये रांगेत लावल्यान, उघडूक नाय. आणि आबांचो फोन इलो. खंडेनवमी इली, गाडये घेवन या, पूजा झाली काय परत न्हेवया. आमी हाडले. परत कोणी न्हेल्यानीच नाय."

"आणि घाटात?"

"घाटात मी दुसऱ्या गियरात होतंय, सर. पाठी म्हातारो माणूस. मी कित्याक दामटीन?" तो थांबला. मग माझ्या हातातल्या सुरीकडे बघत म्हणाला, "कव्हर उघडला काय कळतला मा?"

"कळलं आहेच," मी म्हणालो. "पण उघडू."

कायतानने ज्योत लावली. मी सांगितले तसे भोवतीचे ॲल्युमिनियम तापवायचे, पण त्याला धीर निघेना. त्याने ज्योत सरळ बोल्टावरच धरली, आणखी एक डोके मोडले आणि दोष माझ्या विद्यापीठाला दिला. मग मात्र ऐकले. ते जुने पाणी तापले तशी आधी जळक्या काकवीसारखी गोड वाफ निघाली. ती गोड होती म्हणूनच जास्त असह्य होती. पाठोपाठ कव्हराच्या मागच्या उघड्या फटीतून झुरळे बाहेर पडली, लहान, मोठी, काही पांढुरकी, नुकतीच कात टाकलेली. ती इंजिनावरून, कायतानच्या मनगटावरून, त्याच्या बाहीत. तो नाचत, शिव्या देत, एका पायाने ती चिरडत होता. प्रत्येक चिरडण्याचा ओला आवाज येत होता. मी बाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला थुंकलो आणि परत आलो.

उरलेले बोल्ट एकेक करून निघाले. गरम करायचे, तेल सोडायचे, हलकेच पुढे-मागे फिरवायचे, परत तापवायचे. मोडलेल्यांच्या बुंध्यांवर कायतानने नट वेल्ड केले आणि ते नट पान्यात धरून बुंधे फिरवून काढले. प्रत्येक बोल्टाबरोबर ती पांढरी भुकटी येत होती, ओल्या चुन्यासारखी. दुपारी शेवटचा निघाला. कायतानने कव्हराच्या कडेत स्क्रूड्रायव्हर घातला आणि रेटा दिला.

कव्हर सुटले आणि आतले सगळे त्याच्या पायांवर पडले.

त्याच मागच्या फटीतून शिरून आत उंदरांनी घर केले होते. आंब्याच्या डहाळ्यांची पाने, झेंडूच्या पाकळ्या, सीटमधला कापूस, खोबऱ्याचे काळे पडलेले तुकडे. पूजेचे सामान वरून पडत गेले होते आणि खाली कुणाच्या तरी उपयोगी येत होते. मधोमध एक जुना, सपाट झालेला उंदीर. तो कधीतरी बेल्ट आणि चक्राच्या मध्ये सापडला होता आणि कागदासारखा दाबला गेला होता. त्याच्या बाजूला पिल्ले होती, गुलाबी, डोळे न उघडलेली, जिवंत. कायतानने ती फावड्यावर घेतली आणि गटारात टाकली. जाताना म्हणाला, "सॉरी."

बेल्ट तिथेच होता. त्याच्या पाठीवर आडव्या भेगा होत्या, आटलेल्या तळ्याच्या मातीला पडतात तशा. एका कडेचे दोरे सुटून लोंबत होते. दोन दात गेले होते. पाठीवर कारखान्याचा मूळ शिक्का अजून वाचता येत होता. गाडी आली त्या वर्षाचा.

"अजून एक घाट," कायतान त्याला बोट लावून म्हणाला, "आणि हो पण गेलो असतो."

सगुण बेल्टाकडे बघत राहिला. मग त्याने खालच्या त्या ओल्या घाणीतून एक मोडलेले बोल्टाचे डोके उचलले, कुंकवासकट, आणि रुमालात बांधून शर्टाच्या खिशात ठेवले.

मामा आले ते हातात पिशवी घेऊन. पांढरी पँट, इस्त्रीचा बुशशर्ट. पिशवीतून नारळाची शेंडी वर आली होती.

"हेरंबा, झालं का रे? नवा बेल्ट नुसता नाही बसवायचा. नारळ आणलाय."

"मामा, आधी जुना बघा."

ते वाकले. मला वाटले होते की वासानेच ते मागे सरतील. सरले नाहीत. पाने आणि पाकळ्या बघून त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले.

"उंदीर! बघ, गणपतीचं वाहन इथे राहायला येतं. गाडीला चांगलंच की ते."

"हा बेल्ट कारखान्यातून आला तोच आहे. हे कव्हर आजपर्यंत कधीही उघडलेलं नाही. मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो."

"मग कोल्हापूरवाल्यांनी फसवलं असेल."

"कोल्हापूरवाल्यांनी हात लावायच्या आत तुम्ही गाड्या पूजेसाठी परत बोलावल्यात, असं सगुण म्हणतो."

मामा हे नाकारतील, अशी माझी खात्री होती. नाकारतानाचा चेहरा बघायची मी तयारीही केली होती. त्यांनी नाकारले नाही. त्यांना त्यात नाकारण्यासारखे काही दिसलेच नाही.

"मग? पूजा काय गाड्यांशिवाय करायची? मांडव पडला होता. प्रमुख पाहुणे ठरले होते. सावंतवाडीहून वर्तमानपत्रवाला येणार होता. तो गॅरेजवाला म्हणतो, आणखी तीन दिवस लागतील. मी म्हटलं, आहेत तशा दे बाबा, नवमी झाली की पाठवतो."

"पाठवल्यात?"

"मग दिवाळी आली. मग लग्नसराई. राहून गेलं."

"सभेत तुम्ही सांगितलंत की बेल्ट बदलले."

"बदलायचं ठरलं होतं ना? गाड्या कोल्हापूरपर्यंत गेल्या होत्या ना? म्हणजे झाल्यातच जमा." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "आणि हेरंबा, पूजा तर केली होती. रीतसर. त्यात काही कमी केलं नव्हतं."

कायतान शिटी वाजवायला लागला आणि मध्येच गप्प झाला.

"आणि सगुण?" मी विचारले.

मामांनी त्याच्याकडे पाहिले. तो तिथे आहे हे त्यांना तेव्हाच कळले असावे. मग त्यांचा आवाज एकदम घरातला झाला.

"सगुणा, मी तुका काय घालवतलंय? येड्या, घरचो माणूस तू. बेल्टातच दोष होतो, कंपनीचो माल वायट, असा सांगतंय मी सांजेक. मिटला. उद्यापासून कामार ये."

सगुणने मान हलवली. आणि मग तो वाकला आणि मामांच्या पायांना हात लावला. मला ते बघवले नाही. सकाळपासून त्या गॅरेजात जे काही बघितले होते, त्यात हे सर्वांत वाईट होते.

"अरे अरे, पँटीक नको," मामा मागे सरकले. "हात बघ तुझे, काळी करशील."

"सामंतांच्या मुलाला काय सांगणार?" मी म्हणालो.

"विद्याधरला? त्याला काय सांगायचं? आयुष्य तेवढंच होतं त्यांचं. नवा बेल्ट असता तरी गेले असते, नसते कशावरून?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू आता सभेला नाही आलास तरी चालेल. संध्याकाळची गाडी मिळेल तुला. तज्ज्ञाची आता गरज नाही."

नवा बेल्ट कायतानने बसवला, आणि तेवढे काम त्याने चोख केले. खुणा जुळवल्या, ताण तपासला, इंजिन हाताने दोनदा फिरवून पाहिले. बोल्ट बसवण्याआधी मी आटे ब्रशने साफ केले आणि प्रत्येकाला ग्रॅफाइटचे ग्रीस लावले, म्हणजे पुढच्या वेळी ते निमूट निघावेत. कव्हर आतून-बाहेरून धुतले. ते पहिल्या दिवशी दिसले असेल तसे राखाडी, स्वच्छ दिसू लागले. मला त्यात थोडे बरे वाटले.

मामांनी नारळ काढला.

"मामा, तिथे नको. चाकापुढे फोडा."

"चाकापुढे सगळेच फोडतात रे."

नारळ त्या लोखंडी कानावर आपटला. पाणी कव्हरावरून ओघळत नव्या बोल्टांवर गेले, त्यांच्या डोक्यांवर क्षणभर थांबले आणि खाली फटीत उतरले. मी चिंधी घेऊन पुसायला गेलो.

"तीर्थ पुसू नये," मामा म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातातून चिंधी काढून घेतली. मग ओल्या बोटाने स्वस्तिक काढले.

खोबऱ्याचा तुकडा सगळ्यांना मिळाला. सगुणने डोळे मिटून खाल्ला. कायतानने दोन मागून घेतले. माझा मी रुमालात गुंडाळला. दिवसभर नाकाला लावलेल्या रुमालात.

एसटी स्टँडवर मला सोडायला सगुणच निघाला. गाडीची चाचणीही होईल म्हणून. इंजिन सुरेख चालत होते. तापत गेले तसा कव्हरावरच्या पाण्याचा गोड, शिजका वास आत येऊ लागला. मी काच खाली केली.

"देवान राखल्यान, सर," गियर बदलत सगुण म्हणाला.

"देवाने?"

"कुंकू होता म्हणान वाचलंय. कुंकू नसता तर तुमका थर खंय दिसले असते? कोणी मानला असता माझा?"

"कुंकू आणि नारळ नसता, तर गाड्या कोल्हापूरहून बेल्ट बदलूनच परत आल्या असत्या, सगुण. सामंत जिवंत असते."

"ता खरा," तो म्हणाला. रस्त्यावर एक म्हैस होती; तिच्यासाठी तो थांबला, गेली तसा निघाला. "पण माका वाचवल्यान कोणी, ता सांगा."

मी काच आणखी खाली केली.

सामंतांचे घर स्टँडच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच. फाटकापाशी एक माणूस उभा होता. रुग्णवाहिका दिसताच त्याने हात वर केला. सगुणने वेग कमी केला नाही. मग केला. त्या घरापुढून हात वर केलेला असताना पुढे जाणे त्याला जमले नाही.

"विद्याधर आसा," तो पुटपुटला. "सर, तुमच्या पायां पडतंय. माका परत घेतल्यानी. आता काय नको."

विद्याधर सामंत खिडकीशी आला. शाळेत शिकवत असे. शर्टाच्या खिशात खडू होता.

"तुम्ही आबांचे भाचे ना? आज कायतानकडे गाडी उघडली, असं कळलं." त्याने सगुणकडे बघण्याचे टाळले. "मला एवढंच सांगा. बेल्ट बदललेले होते का?"

सगुणचे हात स्टिअरिंगच्या चाकावर होते. अंगठ्याने तो चाकाची शिवण चाचपत होता.

"नाही," मी म्हणालो. "सगुणचा काही दोष नाही."

"मग का नव्हते बदलले?"

मी सांगितले. फार शब्द लागले नाहीत. गाड्या पूजेसाठी परत आणल्या आणि पुन्हा पाठवल्या नाहीत.

विद्याधरने खिडकीच्या कडेवर हात ठेवला. तो रागावेल, ओरडेल, लगेच मामांकडे जायला निघेल, असे मला वाटले. त्या दिवशी निदान एका माणसाने तसे करावे, अशी माझी इच्छा होती.

"कुठल्या पूजेसाठी?" त्याने विचारले. "गेल्याच खंडेनवमीच्या?"

"हो."

"आत या," तो म्हणाला.

ओटीवर एकच तसबीर होती. चंदनाच्या सालींचा हार घातलेली. वासुदेव सामंत फेटा बांधून हसत होते, सगळे दात दिसतील असे. दोन्ही हात खांद्यापासून वर गेले होते आणि तसबिरीच्या वरच्या कडेला कापले गेले होते. उजव्या बाजूला पांढऱ्या पत्र्याची एक पट्टी आणि त्यावर तांबड्या अक्षराचा अर्धा भाग.

"त्या पूजेचे प्रमुख पाहुणे," विद्याधर म्हणाला. "आबा स्वतः घरी आले होते बोलवायला. बाबांनी जन्मभर पोस्टात शिक्के मारले, फेटा त्यांना कधी कुणी बांधला नव्हता. मानाचा नारळ त्यांच्या हातून फोडला. इतका हसरा दुसरा फोटोच नव्हता आमच्याकडे. फोटोग्राफरला सांगून नारळ तेवढा कापून घेतला."

आतून बाईचा आवाज आला. "कोण आलंय रे?"

"कुणी नाही, आई. गाडीवाले."

मग तो माझ्याजवळ आला आणि अगदी हळू म्हणाला, "हे कुणाकडे बोलू नका."

"पण तुमचे वडील—"

"आई रोज सकाळी याच्यासमोर बसते. तिला काय सांगू? हा काढ आणि दुसरा लाव?"

सगुण उंबऱ्याबाहेरच उभा होता. त्याने खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसले. सुटल्यासारखा त्याचा श्वास मला ऐकू आला.

विद्याधर पाणी आणायला आत गेला. मी तसबिरीसमोर एकटा राहिलो. काचेवर कपाळाच्या जागी कुंकू होते, रोजच्या बोटाचे. ती काच कधी पुसत नसावेत. मी सवयीने चष्मा वर करून जवळ गेलो, थर दिसतात का ते पाहायला, आणि मग मागे सरलो.